शेजार आणि संहार : मध्ययुगीन युरोपातील यहुदी–ख्रिस्ती संबंधांच्या संशोधनाचा आढावा

मध्ययुगीन युरोपात यहुदी आणि ख्रिस्ती समाज एकमेकांशी कसे वागले, या प्रश्नाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाला दोनशे वर्षे होऊन गेली असली, तरी त्याची उत्तरे एकमेकांच्या जवळ येण्याऐवजी दर पिढीला दूर सरकत गेलेली दिसतात. याचे कारण पुराव्याची टंचाई हे नाही. संख्येने लहान असलेल्या या समाजाविषयी राजांच्या आणि बिशपांच्या सनदा, पोपची पत्रे, न्यायालयांतील जबान्या, कर्जरोखे, हिब्रू शोककाव्ये आणि रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मशास्त्र्यांनी, दिलेले निवाडे असे विपुल साहित्य टिकून राहिले आहे. अडचण अशी, की यातील प्रत्येक साधन वेगळेच चित्र दाखवते आणि अभ्यासकाने आधी कोणते दफ्तर उघडले यावर त्याचा निष्कर्ष बऱ्याच अंशी ठरत आला आहे. म्हणून या संशोधनाची वाटचाल मतांच्या क्रमाने पाहण्यापेक्षा साधनांच्या अंगाने पाहिली, तर तिच्यातले वाद अधिक नीट समजतात.

ऱ्हाइन नदीकाठच्या श्पायर गावातील दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या, तर प्रश्नाचे स्वरूप लगेच ध्यानात येते. १०८४ मध्ये तेथील बिशप र्‍यूडिगर हुत्समान याने यहुद्यांना आपल्या गावी येऊन वसण्याचे निमंत्रण देणारी सनद काढली आणि त्यांच्या येण्याने गावाची प्रतिष्ठा हजारपटीने वाढेल, अशी कारणमीमांसा तिच्यात केली. जमावाचा उपद्रव होऊ नये म्हणून त्यांच्या वस्तीभोवती भिंत घालून देण्यात आली, चर्चच्या मालकीच्या जमिनीतून दफनभूमी तोडून दिली गेली, सोन्याचांदीची अदलाबदल आणि खरेदी-विक्री करण्याची मुभा मिळाली, आपसातले तंटे आपल्याच प्रमुखापुढे सोडवण्याचा अधिकार मिळाला, ख्रिस्ती दाया आणि गडी ठेवण्यास परवानगी मिळाली, एवढेच काय, धर्मनियमाप्रमाणे स्वतःला वर्ज्य ठरलेले मांस ख्रिस्ती गिऱ्हाइकांना विकण्याचीही सवलत त्यांना देण्यात आली. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १०९६ च्या वसंतात, जेरुसलेम सोडवण्यासाठी पुकारलेल्या पहिल्या धर्मयुद्धाच्या लाटेत निघालेल्या टोळ्यांनी आणि त्यांना सामील झालेल्या स्थानिकांनी श्पायर, वर्म्स आणि माइन्त्स येथील यहुद्यांवर हल्ले केले. श्पायरचा तेव्हाचा बिशप योहान याने बहुतेकांना वाचवले आणि तेथे अकरा जण मारले गेले; वर्म्स आणि माइन्त्स येथे मात्र मृतांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागली. भिंत घालून देणारी सनद खरी आणि कत्तलही खरी. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, हाच या संशोधनातला मूळ प्रश्न आहे.

पहिल्या पिढीने हा मेळ घालण्याचा फारसा प्रयत्न केला नाही. १८१९ मध्ये बर्लिन येथे लेओपोल्ड त्सुन्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यहुदी संस्कृतीच्या शास्त्रीय अभ्यासासाठी मंडळ स्थापन केले, तेव्हा जर्मन राज्यांत यहुद्यांना नागरिकत्वाचे समान हक्क द्यावेत की नाही याचा वाद चालू होता आणि इतिहासलेखन त्या वादापासून अलिप्त राहू शकत नव्हते. या परंपरेतील सर्वांत प्रभावी ग्रंथ म्हणजे हाइनरिख ग्रेट्झ यांचा १८५३ ते १८७६ या काळात अकरा खंडांत प्रसिद्ध झालेला यहुद्यांचा इतिहास. मध्ययुगातील यहुदी जीवन म्हणजे बाहेरून सोसलेल्या यातना आणि आत जोपासलेली विद्या, असे दुपदरी चित्र त्याने रूढ केले. या परंपरेच्या हाती आलेली साधने पाहिली, तर हे चित्र समजण्यासारखे आहे. सिनेगॉगमध्ये म्हटली जाणारी शोककाव्ये, हुतात्म्यांच्या नावांच्या स्मरणवह्या आणि १८९२ मध्ये बर्लिनहून छापल्या गेलेल्या १०९६ च्या हिब्रू बखरी ही सारी साधने मृतांच्या स्मरणासाठीच निर्माण झाली होती. त्यांत बाजारातला सौदा किंवा शेजाऱ्याशी झालेली उसनवार सापडेल अशी अपेक्षाच चुकीची.

या दृष्टिकोनावर पहिला थेट आघात सालो बॅरन यांनी १९२८ मध्ये अमेरिकेतील एका नियतकालिकात लिहिलेल्या निबंधाने केला. यहुदी इतिहास म्हणजे अश्रूंची अखंड मालिका, ही धारणा सोडून द्यावी, असे त्यांनी सुचवले. त्यांचा युक्तिवाद तुलनेवर उभा होता : मध्ययुगात कोणालाच समान नागरिकत्व नव्हते, समाज गटागटांच्या वेगवेगळ्या हक्कांवर चालत असे, आणि त्या चौकटीत स्वतःचे न्यायालय, स्वतःचा करवसुलीचा कारभार आणि प्रवासाची मोकळीक असलेला यहुदी हा जमिनीला जखडलेल्या ख्रिस्ती कुळापेक्षा पुष्कळ बाबतींत सुस्थितीत होता, उलट आधुनिक मुक्तीने हक्क देताना ही स्वायत्तता हिरावून घेतली. निबंध छापल्यानंतर पाच वर्षांनी हिटलर सत्तेवर आला, आणि याच बॅरन यांना १९६१ मध्ये जेरुसलेम येथे नाझी अधिकारी आइखमन याच्या खटल्यात इतिहासतज्ज्ञ म्हणून साक्ष द्यावी लागली. तरीही त्यांनी आपली मूळ भूमिका सोडली नाही, हे त्यांच्या पद्धतीवरील निष्ठेचे लक्षण मानले पाहिजे. त्यांच्या तुलनेत एक उणीव मात्र राहिलीच : कुळाला गावातून हाकलून देण्यात मालकाचा तोटा असे, यहुद्यांना देशाबाहेर काढण्यात राजाला बहुधा फायदाच दिसे.

बॅरन यांचे समकालीन यित्झाक बेअर यांनी दुसरे दफ्तर उघडले. आरागॉन आणि कॅस्टिल या स्पॅनिश राज्यांच्या अभिलेखागारांतून त्यांनी हजारो कागद तपासले आणि १९२९ व १९३६ मध्ये निवडक कागदांचे दोन जाडजूड खंड छापले. नंतर जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात अध्यापन करीत असताना १९४५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती स्पेनमधील यहुद्यांचा इतिहास हिब्रूत लिहिला. राजदरबारी वावरणारे, अरबी तत्त्वज्ञान वाचणारे श्रीमंत यहुदी संकटकाळी सहज धर्म सोडतात आणि साधा श्रद्धावान माणूस मात्र टिकतो, असा त्यांचा ठाम ग्रह होता. तो त्यांच्या झिओनवादी विचारातून आला होता हे आज उघड दिसते, परंतु त्यांनी छापलेल्या कागदांवाचून पुढील पिढीचे पान हलले नसते.

ख्रिस्ती बाजूने या विषयाकडे वळलेल्या अभ्यासकांना वेगळीच बोचणी होती. अँग्लिकन पाद्री जेम्स पार्क्स यांनी १९३४ मध्येच असे दाखवले होते, की यहुदीद्वेषाची मुळे चर्चच्या आरंभीच्या शतकांतील शिकवणीत शोधावी लागतात. फ्रेंच इतिहासकार ज्यूल इझाक यांची पत्नी आणि मुलगी नाझींच्या छळछावणीच्या बळी ठरल्या. इझाक यांनी याच प्रश्नाला उरलेले आयुष्य वाहिले, १९६० मध्ये पोप तेविसावे जॉन यांची भेट घेतली, आणि १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सगळ्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही असे जे घोषित केले, त्यामागे या भेटीचा वाटा मोठा होता. इतिहाससंशोधनाने एखाद्या धर्मसंस्थेची अधिकृत शिकवण बदलल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. मात्र या लेखनाने शुभवर्तमानांपासून आउश्वित्सपर्यंत एक सरळ रेघ ओढली, आणि सरळ रेघेत काळाचे चढउतार दिसत नाहीत.

हे चढउतार दाखवून देण्याचे काम पुढील पिढीने केले. त्यासाठी आधी चर्चची अधिकृत भूमिका काय होती हे सांगणे भाग आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टिन याने असे प्रतिपादन केले, की यहुदी हे ख्रिस्ती धर्माच्या सत्यतेचे नकळत बनलेले साक्षीदार आहेत, ते ज्या जुन्या ग्रंथांची पोथी वाहतात त्यांतच ख्रिस्ताविषयीची भाकिते आहेत, म्हणून त्यांना मारू नये, पण त्यांना दुय्यम स्थितीतच ठेवावे. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोरला ग्रेगरी याने याच धोरणाला कायद्याची भाषा दिली आणि बाराव्या शतकापासून पुढचे पोप यहुद्यांच्या संरक्षणाचे फर्मान त्याच शब्दांनी आरंभ करून पुनःपुन्हा काढत राहिले. बर्नहार्ड ब्लुमेनक्रान्त्स यांनी १९६० मध्ये ४३० ते १०९६ या काळावरील ग्रंथात असा निष्कर्ष काढला, की या काळात संबंध बऱ्यापैकी मोकळे होते आणि १०९६ हे वर्ष म्हणजे फाटलेला सांधा. मग हा सांधा नेमका केव्हा, का आणि कोणामुळे फाटला, यावर १९८० नंतरच्या दोन दशकांत जो वाद रंगला, तोच या क्षेत्राचा सर्वांत सकस काळ म्हणावा लागेल.

जेरेमी कोहेन यांनी १९८२ मध्ये तेराव्या शतकातील फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन या भिक्षू-संघांवर बोट ठेवले. त्यांच्या मते या भिक्षूंना तालमूदचा, म्हणजे रब्बींच्या मौखिक परंपरेचा आणि शास्त्रचर्चांचा जो प्रचंड संग्रह यहुदी धर्माचरणाचा आधार आहे त्याचा, शोध लागला, आणि समोरचा यहुदी हा बायबलकाळातला जुना साक्षीदार नसून बायबल सोडून भलत्याच ग्रंथावर चालणारा पाखंडी आहे, असा अर्थ त्यांनी त्यातून काढला. याचा ठळक पुरावा म्हणजे पॅरिसचा तालमूदवरील खटला. यहुदी धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्या निकोलस दोनॅ याने पोप नववा ग्रेगरी याच्यापुढे तालमूदविरुद्ध ३५ आरोप मांडले, १२४० मध्ये राजमाता ब्लांश हिच्या उपस्थितीत रब्बी येहिएल यांना त्या ग्रंथाचा बचाव करावा लागला, आणि त्यानंतर दोन-एक वर्षांत गाड्या भरभरून हिब्रू हस्तलिखिते भर चौकात जाळण्यात आली. तरीसुद्धा या कथेला एक वळण आहे, आणि कोहेन यांच्या टीकाकारांनी ते अचूक हेरले : १२४७ मध्ये चौथा इनोसंट या पोपने, तालमूदवाचून आम्हांला बायबलच समजणार नाही हे रब्बींचे म्हणणे मान्य करून ग्रंथ परत देण्याकडे कल दाखवला, तर पोपचाच प्रतिनिधी असलेल्या शातोरूच्या ओदोने पुढच्याच वर्षी पुन्हा निषेधाचा निर्णय दिला. म्हणजे चर्च नावाची एकसंध इच्छा अशी काही नव्हतीच. रोम, पॅरिसचे विद्यापीठ, राजा आणि भिक्षू यांची तोंडे चार दिशांना होती.

आर. आय. मूर यांनी १९८७ मध्ये तर धर्मशास्त्राला दुय्यम ठरवून सत्तेकडे लक्ष वेधले. अकराव्या-बाराव्या शतकांत कारभार लिखापढीवर चालू लागला आणि शिकलेल्या कारकुनांचा नवा वर्ग उदयास आला. या वर्गाने पाखंडी, कुष्ठरोगी आणि यहुदी अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या गटांना एकाच साच्यात घालून समाजाचे शत्रू ठरवले, आणि छळ ही राज्ययंत्रणेची सवयच होऊन बसली, असा त्यांचा सिद्धान्त आहे. गेव्हिन लँगमुइर यांनी १९९० मध्ये याला मानसशास्त्रीय जोड दिली : यहुद्यांच्या खऱ्या श्रद्धेवर टीका करणे ही एक गोष्ट, आणि यहुदी ख्रिस्ती मुलांचा बळी देतात असा, कोणी कधी पाहिलेला नसलेला, निव्वळ कल्पित आरोप करणे ही दुसरी, यांतली दुसरी बाराव्या शतकात जन्मली आणि तिलाच खरा यहुदीद्वेष म्हणावे. लँगमुइर यांची विभागणी वर्गात शिकवायला सोयीची असली, तरी प्रत्यक्ष कागदांत हे दोन प्रकार इतके एकजीव झालेले असतात की ती तेथे फारशी टिकत नाही.

कल्पित आरोप प्रत्यक्षात कसा घडवला जातो, हे इंग्लंडातील नॉरिच येथील प्रकरणात जवळून पाहता येते. ११४४ मध्ये तेथे विल्यम नावाच्या मुलाचे प्रेत सापडले. यहुद्यांनी त्याचा छळ करून वध केला, ही कथा मात्र काही वर्षांनी मनमथच्या थॉमस या मठवाशाने रचून लिहून काढली. एमिली रोझ यांनी २०१५ च्या आपल्या ग्रंथात या मधल्या वर्षांकडे लक्ष वेधले आहे. त्या वर्षांत एका कर्जबाजारी सरदारावर आपल्या यहुदी सावकाराच्या खुनाचा खटला चालू होता, आणि त्याची बाजू मांडणाऱ्या बिशपने उलटा आरोप केला, की आधी यहुद्यांनीच आमचा मुलगा मारला. असे असेल, तर मध्ययुगातील सर्वांत घातक कुभांडाची सुरुवात लोकभावनेतून झाली नाही, एका वकिली डावपेचातून झाली. पुढे जर्मनीतील फुल्दा येथे १२३५ मध्ये याच प्रकारच्या आरोपावरून ३४ यहुदी मारले गेले, तेव्हा सम्राट दुसरा फ्रेडरिक याने धर्मांतरित यहुद्यांची समिती नेमून चौकशी केली आणि आरोप निराधार असल्याचे जाहीर केले. तशीच ग्वाही पोपनेही दिली. तरीही आरोप शतकानुशतके टिकला.

या आरोपाचा उगम समजावून सांगण्याच्या प्रयत्नातूनच या क्षेत्रातला सर्वांत कडवट वाद पेटला. १०९६ मध्ये ऱ्हाइनकाठच्या पुष्कळ यहुद्यांनी बाप्तिस्मा घेण्यापेक्षा स्वतःच्या हाताने मुलाबाळांना मारून आत्मबलिदान केले, असे हिब्रू बखरी अभिमानाने सांगतात. इस्राएल युवाल यांनी १९९३ मध्ये एका हिब्रू संशोधनपत्रिकेत असे सुचवले, की हे दृश्य पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांनी त्याचा विपरीत अर्थ लावला : जे स्वतःची मुले मारू शकतात, ते आमची का मारणार नाहीत? शिवाय त्या काळातील यहुदी प्रार्थनांत ख्रिस्ती जगावर सूड उगवणाऱ्या मसीहाची जी आळवणी आहे, तीही ख्रिस्ती लोकांच्या कानी पडत होती, असे त्यांचे म्हणणे होते. बळींनाच दोष देणारा हा सिद्धान्त आहे, अशी टीकेची झोड उठली आणि त्याच पत्रिकेने पुढील वर्षी एक संपूर्ण अंक या वादाला दिला. आता मागे वळून पाहता, नॉरिचच्या कथेचा धागा १०९६ शी जोडण्याइतका पुरावा युवाल यांच्याकडे नव्हता, हे त्यांच्या विरोधकांचे म्हणणे ग्राह्य वाटते. परंतु यहुदी समाज हा केवळ सोसणारा नव्हता, तोही शेजाऱ्याचे प्रतीक, सण आणि भाषा यांना आपल्या बाजूने उत्तर देत होता, हे जे त्यांनी ठासून सांगितले, ते आता बहुतेक अभ्यासकांनी निमूटपणे स्वीकारले आहे.

याच हिब्रू बखरींचे वाचनही त्यानंतर बदलले. रॉबर्ट चेझन यांनी १९८७ मध्ये त्यांना बऱ्याच अंशी विश्वसनीय वृत्तान्त मानले होते. जेरेमी कोहेन यांनी २००४ मध्ये असा प्रश्न उपस्थित केला, की या बखरी लिहिणारे कोण होते? मेलेले तर नव्हतेच. ज्यांनी जीव वाचवण्यासाठी तात्पुरता बाप्तिस्मा घेतला आणि १०९७ मध्ये सम्राट चौथा हेन्री याने परवानगी दिल्यावर जे पुन्हा स्वधर्मात आले, अशा वाचलेल्यांच्या समाजाने त्या लिहिल्या. माइन्त्सच्या राखेल नावाच्या आईने आपल्या चार मुलांना मारल्याची जी हेलावून टाकणारी कथा तिथे येते, तिच्यात वाचलेल्यांची अपराधी भावना आणि ख्रिस्ती चित्रांतली शोकाकुल माता या दोहोंची छाया त्यांना दिसते. प्रसंग घडलाच नाही असे कोहेन म्हणत नाहीत. लिहिणाऱ्याचे मन प्रसंगाच्या आड उभे आहे, एवढेच ते दाखवतात.

पैशाच्या व्यवहारांकडे वळले की वातावरण बरेच बदलते, कारण तेथे स्मरणवह्यांची जागा हिशेबवह्या घेतात. यहुदी म्हणजे सावकार, हे समीकरण एकोणिसाव्या शतकातील जर्मन अर्थशास्त्रज्ञांनी, विशेषतः विल्हेल्म रोशर यांनी, शास्त्रीय सिद्धान्त म्हणून रूढ केले : ख्रिस्ती समाज व्यापारात नवखा असताना यहुद्यांनी ती उणीव भरून काढली आणि तो समाज तयार झाल्यावर त्यांना मत्सरापोटी हाकलले, अशी ही मांडणी वरकरणी सहानुभूतीची वाटते. मायकेल टॉख यांनी २०१३ मध्ये आणि त्यानंतर ज्युली मेल यांनी अशा मांडणीचे निरनिराळे पाय उखडले. टॉख यांनी आरंभीच्या मध्ययुगात यहुद्यांची व्यापारावर मक्तेदारी होती याला पुरावा नसल्याचे दाखवले, तर मेल यांनी इंग्लंडमधील करनोंदी तपासून असे दाखवले, की संपत्ती मूठभर घराण्यांच्या हाती होती आणि बहुसंख्य यहुदी सावकार म्हणावेत इतके सधन नव्हतेच. लोम्बार्डीचे आणि काओरचे ख्रिस्ती सावकार तर सर्वत्र होतेच.

तरीही सावकारीचा राज्यसत्तेशी असलेला संबंध नाकारता येत नाही. ११९० मध्ये इंग्लंडातील यॉर्क येथे यहुद्यांविरुद्धच्या दंगलीत किल्ल्यात आश्रय घेतलेल्या यहुद्यांचा अंत झाल्यानंतर दंगलीचे म्होरके थेट तेथील मुख्य चर्चमध्ये गेले आणि तेथे ठेवलेले कर्जरोखे त्यांनी जाळून टाकले. त्यांतले काही जण स्वतःच कर्जदार होते. यात राजाचाही तोटा होता, कारण यहुद्यांची मालमत्ता अंतिमतः राजाची मानली जाई. ११९४ मध्ये निघालेला उपाय कारभारी डोक्याची साक्ष देतो : नेमून दिलेल्या शहरांत कुलपांच्या पेट्या ठेवायच्या, प्रत्येक कर्जाचा दस्तऐवज दोन भागांत लिहून एक भाग सावकाराकडे आणि दुसरा पेटीत ठेवायचा, आणि पेटीवर दोन ख्रिस्ती व दोन यहुदी कारकून नेमायचे. दंगलीने नष्ट न होणारी नोंद मिळाल्यामुळे राजाला यहुद्यांवर वाटेल तेवढा कर बसवणे सोपे गेले, यहुद्यांना तो कर भरण्यासाठी कर्जदारांमागे तगादा लावणे भाग पडले, आणि कर्जदारांचा राग राजावर न निघता यहुद्यांवर निघाला. १२९० मध्ये त्यांना इंग्लंडमधून हद्दपार करण्यात आले, तोवर त्यांच्याकडे पिळून काढण्याजोगे फारसे उरलेही नव्हते.

याच्या उलट टोकाला जोसेफ शॅट्झमिलर यांचा १९९० चा ग्रंथ उभा आहे. त्यांना मार्सेयच्या अभिलेखागारात १३१७ चा एक खटला सापडला. बोंदावॅ नावाच्या यहुदी सावकारावर, फिटलेले कर्ज पुन्हा मागतो, असा आरोप होता, आणि त्याच्या बाजूने साक्ष द्यायला ख्रिस्ती पाद्री, व्यापारी आणि प्रतिष्ठित नागरिक एकामागून एक उभे राहिले. त्याने कोणाला व्याज सोडले, कोणाच्या गरिबीकडे पाहून मुद्दलही माफ केले, असे त्यांनी शपथेवर सांगितले. साक्षी बचाव पक्षाने आणलेल्या होत्या, त्यामुळे त्यांत स्तुतीची भर असणार हे उघड आहे. परंतु न्यायाधीशाला पटेल असे म्हणून या नागरिकांनी जे सांगितले, त्यावरून चांगला यहुदी सावकार ही गोष्ट त्या शहरात अशक्य मानली जात नव्हती, एवढे निश्चित सिद्ध होते.

डेव्हिड निरेनबर्ग यांनी १९९६ मध्ये सहजीवन आणि हिंसा हे दोन खाने वेगळे ठेवण्यालाच आव्हान दिले. आरागॉनच्या राज्यात ईस्टरपूर्वीच्या पवित्र आठवड्यात पोरे आणि तरुण धर्मशिक्षार्थी दरवर्षी यहुदी वस्तीच्या भिंतींवर दगडफेक करत. राजाचे अधिकारी तिच्या बंदोबस्ताची तयारी आधीपासून करत, आणि जिरोना येथे १३३१ मध्ये या प्रकाराला आवर घालताना अधिकाऱ्यांचीच तेथील धर्मशिक्षार्थ्यांशी चकमक उडाली. निरेनबर्ग यांच्या मते ही दगडफेक म्हणजे एक ठरीव विधी होता : ख्रिस्तवधाचा सूड प्रतीकरूपाने घेऊन तो यहुद्यांना त्यांची जागा दाखवत होता आणि त्याच वेळी ती जागा त्यांना देऊही करत होता. हा विचार तल्लख आहे यात शंका नाही. पण १३९१ मध्ये सेव्हियापासून व्हॅलेन्सिया आणि बार्सेलोनापर्यंत उसळलेल्या कत्तलींनी आणि सामुदायिक धर्मांतरांनी ही जागा जवळजवळ पुसून टाकली, तेव्हा विधीचा बांध का फुटला, याचे उत्तर या सिद्धान्तात मिळत नाही. जोनाथन एलुकिन यांनी २००७ मध्ये सहजीवनाचे पारडे याहून जड केले; यहुदी दर हल्ल्यानंतर परतून येत राहिले याचा अर्थ त्यांना शेजाऱ्यांवर विश्वास होता, हे त्यांचे अनुमान मात्र परतणाऱ्यापुढे दुसरा पर्याय कोणता होता हा प्रश्न बाजूला सारते.

घराच्या आतले जग सर्वांत उशिरा उजेडात आले. यहुदी घरांत ख्रिस्ती दाया सर्रास असत, ११७९ च्या धर्मपरिषदेने त्यांना मनाई केली, आणि ती मनाई पाळली गेली नाही हे नंतरच्या तक्रारींवरूनच कळते. १२०५ मध्ये तिसरा इनोसंट या पोपने अशी तक्रार केली, की ईस्टरचा प्रसाद घेतलेल्या दाईला यहुदी मालक तीन दिवस तिचे दूध संडासात पिळून टाकायला लावतात. एलिशेवा बाउमगार्टेन यांनी अशा पोपपत्रांच्या शेजारी रब्बींचे निवाडे ठेवून २००४ मध्ये दाखवले, की दोन्ही बाजूंचे धर्माधिकारी एकाच स्वयंपाकघराविषयी काळजीत होते आणि त्या घरातल्या बायका त्यांना फारशा विचारत नव्हत्या. हीच जवळीक विद्येतही दिसते : फ्रान्समधील त्रुआचा थोर बायबल-भाष्यकार राशी हिब्रू शब्दांचे अर्थ गावच्या फ्रेंच बोलीत सांगतो, आणि बेरिल स्मॉली यांनी १९४१ मध्येच दाखवल्याप्रमाणे, बाराव्या शतकात पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातला अँड्र्यू बायबलचा शब्दार्थ समजून घेण्यासाठी यहुद्यांना विचारत असे. झ्युरिक येथील ब्रुनगासे गल्लीतल्या एका घरात १९९६ मध्ये रंगाच्या थरांखाली सुमारे १३३० ची भित्तिचित्रे सापडली. यहुदी कुटुंबाच्या या दिवाणखान्यात नाचणाऱ्या जोड्या आहेत आणि भिंतीच्या वरच्या कडेला ख्रिस्ती उमरावांच्या ढाली ओळीने रंगवून त्यांखाली त्या घराण्यांची नावे हिब्रू लिपीत लिहिली आहेत. १३४९ मध्ये, महामारीच्या काळात, विहिरींत विष कालवल्याच्या आरोपावरून झ्युरिकचा यहुदी समाज नष्ट करण्यात आला.

चित्रांच्या अभ्यासात सारा लिप्टन यांचा २०१४ चा ग्रंथ महत्त्वाचा आहे. बाकदार नाकाचा यहुदी चेहरा हा जुना आणि स्वाभाविक पूर्वग्रह आहे, ही समजूत त्यांनी मोडीत काढली. आरंभी यहुदी केवळ टोपीने आणि दाढीने ओळखू येतो, चेहऱ्याचे व्यंगचित्र तेराव्या शतकात पक्के होते. १२३३ च्या इंग्रजी राजस्व खात्याच्या गुंडाळीवर कोण्या कारकुनाने नॉरिचच्या आयझॅक या सावकाराचे काढलेले तीन तोंडांचे विटंबनाचित्र या आरंभकाळातलेच आहे. त्याच नॉरिचमध्ये २००४ साली बांधकाम चालू असताना एका मध्ययुगीन विहिरीत किमान १७ माणसांचे अवशेष सापडले, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्यांतील सहा जणांचे नाते अश्केनाझी, म्हणजे उत्तर युरोपातील यहुदी, समाजाशी जुळत असल्याचे दाखवले; त्यांत तीन सख्ख्या बहिणी होत्या. कालमापन ११९० मध्ये नॉरिचच्या यहुद्यांवर झालेल्या हल्ल्याशी जुळते. शोककाव्यांना अतिशयोक्त म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी या विहिरीची दखल घ्यायला हवी.

अलीकडचा वाद वंशाच्या कल्पनेवर केंद्रित झाला आहे. जेराल्डीन हेंग यांनी २०१८ मध्ये मध्ययुगीन इंग्लंडलाच वंशवादी राज्य म्हटले, आणि पुष्कळांना ते कालविपर्यस्त वाटते. स्पेनच्या बाबतीत मात्र पुरावा टाळण्याजोगा नाही : १४४९ मध्ये तोलेदो शहराने बाप्तिस्मा घेतलेल्या यहुद्यांच्या वंशजांना, म्हणजे कॉन्व्हर्सोंना, रक्ताच्या कारणावरून सार्वजनिक पदे नाकारली. हे कॉन्व्हर्सो मनाने यहुदीच होते, असे बेअर यांचे मत होते. बेन्झिऑन नेतन्याहू यांनी १९९५ मध्ये ते बहुतांशी सच्चे ख्रिस्ती होते आणि इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंडाची चौकशी करणाऱ्या धर्मन्यायालयाने, त्यांच्यावर वंशद्वेषापोटी यहुदीपण लादले, असा उलट दावा केला. पोर्तुगालबाबत हाच दावा आंतोनियो जुझे सराइव्हा यांनी १९६९ मध्ये केला होता.

हा वाद गोव्यापर्यंत येऊन पोहोचतो. वैद्य गार्सिया दा ओर्ता हा १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्या आणि १४९७ मध्ये पोर्तुगालात सक्तीने बाप्तिस्मा दिलेल्या यहुद्यांच्या कुटुंबात जन्मला, १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाचा वैद्य आणि स्नेही झाला, आणि १५६३ मध्ये त्याचा औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ गोव्यात छापला गेला. १५६८ मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने अटक करून पुढील वर्षी जाळले, आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून तीही जाळण्यात आली. ओर्ता गुप्तपणे मोशेचा धर्म पाळत होता, हे जे आज सांगितले जाते, त्याचा आधार म्हणजे कैदेत असलेल्या नातलगांच्या जबान्या. त्याच्या ग्रंथात त्याविषयी अवाक्षर नाही. म्हणजे बेअर आणि नेतन्याहू ज्या प्रश्नावर अडले, त्याच प्रश्नापाशी गोव्याचा अभ्यासकही येऊन थांबतो : आरोपीच्या तोंडून चौकशी अधिकाऱ्याने वदवून घेतलेले खरे किती मानायचे? १८१२ मध्ये गोव्याचे धर्मन्यायालय बंद झाल्यावर त्याचे बहुतेक दफ्तर नष्ट करण्यात आले, त्यामुळे ताडून पाहण्यासाठी लिस्बनला वेळोवेळी पाठवलेल्या प्रती, पत्रे आणि याद्या एवढाच आधार आता उरला आहे.